हिरड्यांचे आरोग्य आणि 'क' जीवनसत्त्वाची फळे

(अंगणवाडी सेविका, आश्रमशाळांतील शिक्षक आणि ग्रामीण आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दातांविषयी बोलताना सर्वसाधारणपणे दात तेवढे डोळ्यांसमोर येतात. दात ज्या मांसल वेष्टनात आणि ज्या तंतूंच्या आधारावर उभे असतात, त्या हिरडीचा विचार सहसा कोणी करीत नाही. दात दुखू लागला म्हणजे माणूस वैद्याकडे धाव घेतो. पण दात घासताना रक्त आले तर तो चूळ भरतो आणि कामाला लागतो. हिरडीचे दुखणे बहुधा ठणकत नाही, हेच या उपेक्षेचे कारण होय. येथे उपस्थित असलेल्या कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांनी रक्ताळलेल्या हिरड्यांची मुले आणि चाळिशीच्या आतच दात हलू लागलेल्या स्त्रिया पाहिल्या असतील. या दुखण्याचा आणि आहारातील फळांचा संबंध किती, आणि तो कोठे संपतो, हे नीट समजून घेणे या दृष्टीने अगत्याचे आहे.

या संबंधाचा इतिहास आपल्या किनाऱ्याजवळूनच जातो. कारवारच्या समोर अंजदीव नावाचे लहानसे बेट आहे. ते आज गोव्याच्या प्रशासनाखाली येते. १४९८ च्या ऑक्टोबर महिन्यात वास्को द गामाची जहाजे या बेटापासून आफ्रिकेकडे परत निघाली. येताना नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जो अरबी समुद्र महिन्याच्या आत ओलांडला होता, तोच परतताना जवळजवळ तीन महिने संपला नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, घास चावता येईना, पाय सुजले, अंगावर काळेनिळे डाग उठले. तीस माणसे त्या एका प्रवासात दगावली आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगी सात-आठ माणसेच उरली. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागविण्यात आली. खलाशांना उपाय ठाऊक होता. परंतु तो उपाय का लागू पडतो हे पुढील चार शतके कोणालाच ठाऊक नव्हते. या रोगाचे नाव स्कर्व्ही.

१७४७ च्या मे महिन्यात 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि सर्वांना एकच आहार ठेवून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली वारुणी, दुसरीला सौम्य केलेले गंधकाम्ल, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरेंची गोळी आणि सहावीला दररोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यातच फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. या प्रयोगातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गंधकाम्ल आणि शिरका हेही आंबटच होते. पण त्यांचा गुण आला नाही. आंबटपणा हे औषध नव्हते, हे त्या बारा माणसांनी दाखवून दिले होते. तरीही आंबट ते सर्व हिरडीला चांगले, ही समजूत अद्याप गेलेली नाही.

लिंडनेच पुढे एक चूक केली, आणि फळांच्या अर्काविषयी बोलताना ती विसरता येत नाही. जहाजावर ताजी फळे टिकत नाहीत म्हणून त्याने संत्र्या-लिंबांचा रस उष्णतेवर आटवून घट्ट पाक करण्याची रीत सुचविली. रस टिकला, पण गुण बराचसा उडून गेला. ब्रिटिश नौदलाने १७९५ पासून लिंबाचा रस नियमाने देण्यास प्रारंभ केला आणि स्कर्व्ही हटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य सागराकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील कागदी लिंबाच्या जातीचा साठवलेला रस वापरात आला, आणि १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत रस जवळ असूनही रोग पुन्हा उद्भवला. फळ कोणते, किती ताजे आणि त्यावर कोणता संस्कार झाला, यावर सर्व काही अवलंबून असते.

याहून जवळचा दाखला पहिल्या महायुद्धातील आहे. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून भरती झालेले जवान त्यांत होते. १९१६ च्या २९ एप्रिलला शरणागती पत्करावी लागेपर्यंत वेढा चालू राहिला. भाजीपाला संपला. गोऱ्या शिपायांच्या वाट्यास मैद्याचा पाव आणि घोड्याचे ताजे मांस आले. हिंदी शिपायांना गव्हाचे पीठ मिळत होते, मात्र घोड्याचे मांस खाण्यास त्यांच्यापैकी बहुतेकांची श्रद्धा आड येत होती. परिणाम असा झाला, की मैदा खाणाऱ्या गोऱ्यांमध्ये बेरीबेरीचा रोग दिसू लागला, तर हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले. तायग्रिसच्या काठचा रानपाला गोळा करून तो शिजवून देण्याचा प्रयत्न झाला. एकाच गढीत, एकाच शत्रूच्या वेढ्यात, ताटातील फरकाप्रमाणे दोन निराळे रोग विभागले गेले. पोषणशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रसंग आजही सांगितला जातो. ज्या गावांतून ती माणसे गेली तेथे मात्र तो फारसा कोणास ठाऊक नाही.

कारणाचा उलगडा विसाव्या शतकात झाला. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिग या प्राण्यात स्कर्व्ही निर्माण करून दाखविली. अल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये एक आम्ल वेगळे केले, ते 'क' जीवनसत्त्वच आहे हे १९३२ च्या सुमारास निश्चित झाले, आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुरेसे जीवनसत्त्व मिळविण्यासाठी त्याला सेगेद गावची लाल ढबू मिरची उपयोगी पडली, हे मिरचीप्रेमी प्रांतात सांगण्याजोगे आहे. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. मनुष्य, वानरे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांना ती सोय नाही. त्यांना ते रोजच्या अन्नातूनच मिळवावे लागते.

आता हिरडीचाच प्रश्न घ्यावा. शरीराचे अवयव एकत्र बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. काथ्याचा दोर तीन पेडांचा वळावा तशी त्याची रचना असते. हे पेड एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून त्यांतील काही घटकांना प्राणवायूचा अंश जोडावा लागतो. ते काम करणाऱ्या विकरांना 'क' जीवनसत्त्व लागते. विकरातील लोह कामास योग्य अशा अवस्थेत ठेवणे हे त्याचे कार्य. जीवनसत्त्व नसेल तर दोर वळला जातो, पण सैल राहतो आणि तुटतो. दात जबड्याच्या हाडात भिंतीत खुंटी ठोकावी तसा बसलेला नसतो. असंख्य कोलॅजेन तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो. चावण्याचा भार दिवसभर सोसणारे हे तंतू सतत झिजतात आणि सतत नव्याने विणले जातात. ही विणकाम-दुरुस्ती शरीराच्या अन्य भागांपेक्षा येथे फार जलद चालते, म्हणून तुटवडा पडला की येथील वीण लवकर उसवते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत होतात आणि रक्त पाझरू लागते.

किती मात्रा पुरते, याचे उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९४४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगातून मिळाले. युद्धात शस्त्र घेण्यास नकार देणाऱ्या वीस व्यक्ती स्वेच्छेने त्यात सहभागी झाल्या. ज्यांना जीवनसत्त्व मुळीच दिले नाही त्यांच्या त्वचेत चार महिन्यांनंतर आणि हिरड्यांत साधारणतः सहा महिन्यांनंतर बिघाड दिसू लागला. दररोज केवळ १० मिलिग्रॅम दिल्याने तो बरा झाला. रोग टाळणे आणि शरीराचा साठा भरलेला ठेवणे यांत अंतर आहे. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दररोज ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम अशी शिफारस केली. गरोदर स्त्रीसाठी ८०, तर अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी ११५.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि या व्याख्यानात सांगितलेले अन्य सर्व विसरले तरी ती विसरू नये. हिरडीतून रक्त येणाऱ्या दहा माणसांत स्कर्व्हीचा रोगी क्वचितच सापडेल. बहुतेकांच्या बाबतीत कारण असते दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचलेला जंतूंचा चिकट थर आणि त्यापासून बनलेला कठीण कीट. १९३९-४० मध्ये अमेरिकेतील जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने सहा महिने 'क' जीवनसत्त्वाविना आहार घेतला. त्याच्या अंगावर रक्ताचे ठिपके उमटले, मुद्दाम केलेली जखम भरून येईना. परंतु त्याच्या स्वच्छ ठेवलेल्या हिरड्यांत मात्र ठळक बिघाड दिसला नाही. उलटपक्षी, ज्यांचे सर्व दात पडून गेले आहेत अशा स्कर्व्हीच्या रोग्यांच्या हिरड्या सहसा सुजत नाहीत, हेही जुने निरीक्षण आहे. तुटवडा असेल तर हिरडी दुबळी होते. तिच्यावर घाव घालतो तो दातांवरचा मळ. मळ तसाच ठेवून आवळे खाणे म्हणजे गळते छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे होय.

फळांमध्ये अग्रमान आवळ्याचा. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पूर्वजेने, भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण केले. तिच्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम हा आकडा दीर्घकाळ छापला जात असे. २०१७ च्या नव्या कोष्टकांत तो सुमारे २५० आहे. आवळा निकृष्ट झाला असे यावरून कोणी मानू नये. जुन्या मापनपद्धतीत रंगद्रव्याचा रंग घालविणारी अन्य द्रव्येही जीवनसत्त्वात मोजली जाऊ शकत, आणि आवळ्यात अशी तुरट द्रव्ये पुष्कळ आहेत. शिवाय जाती-जातींतही फरक पडतो. नवा आकडा घेतला तरी एका मध्यम आवळ्यात प्रौढ माणसाची दिवसाची गरज जवळजवळ भागते. १९४० च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली तेव्हा वाळवलेल्या आवळ्याचाच उपयोग करण्यात आला होता.

पेरू हा आवळ्याच्या खालोखाल. १०० ग्रॅमला दोनशेच्या वर. संत्र्यात त्याचा पंचमांश असतो. नागपूरच्या संत्र्याचा मान राखूनही हे सांगितले पाहिजे, की आजाऱ्यासाठी महाग संत्री आणि अंगणातील पेरू पाखरांना, ही आपली रीत पोषणाच्या हिशेबात बसत नाही. कोकणात आणि गोव्यात काजूची बी जपून ठेवतात. बोंडे मात्र पुष्कळ ठिकाणी झाडाखाली कुजतात. या बोंडाच्या रसात संत्र्याच्या कित्येक पट जीवनसत्त्व असते. घशाला खवखव आणणारा तुरटपणा ही अडचण खरी. थोडे मीठ लावून किंवा तांदळाची पेज घालून निवळलेला रस पिण्यास सुकर होतो. शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि कोबी ही फळे नव्हेत, पण या यादीत त्यांचे स्थान अनेक फळांच्या वर आहे. आणि चिंच? चिंचेत टार्टारिक आम्ल विपुल असते, जीवनसत्त्व जवळजवळ नाही. गोड पेरूत आहे आणि आंबट चिंचेत नाही. लिंडच्या शिरक्याची गोष्ट ती हीच.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने व हवेने नाश पावते आणि तांब्याच्या संपर्कात तर फार झपाट्याने नष्ट होते. म्हणून आवळा किसावयाचा तो स्टीलच्या किसणीवर. तांब्या-पितळेच्या भांड्यात आवळ्याचा वा लिंबाचा रस ठेवू नये. भाजीत सोडा घालू नये, आणि लिंबू पिळावयाचे ते भांडे चुलीवरून उतरविल्यावर. कार्तिकात आवळीभोजनाच्या निमित्ताने ताजा आवळा पोटात जातो, ही परंपरा उत्तम आहे. मात्र ती एक दिवसाची आहे. वर्षभरासाठी केलेल्या पदार्थांत तरतमभाव करणे भाग आहे. मिठाच्या पाण्यातील आवळा सर्वांत बरा, कारण त्यास आच लागत नाही. सावलीत वाळवलेली आवळकाठी व आवळा-सुपारी यांत काही अंश शिल्लक राहतो. कडक उन्हात तो घटतो. मोरावळ्याची चव सर्वमान्य आहे, परंतु त्याचा पाक दाताला चिकटून राहतो आणि साखरेवर जंतू पोसले जातात. मोरावळा खाऊन मुलांनी चूळ भरावी, आणि रात्री झोपताना तो देऊ नये.

पोटात घेण्याखेरीज अर्काचा बाह्य उपयोगही परंपरेने सांगितला आहे. आयुर्वेदात दंतधावनानंतर गंडूष आणि कवल, म्हणजे तोंडात द्रव धरणे व खुळखुळविणे, यांचे विवेचन येते. त्यासाठी त्रिफळ्याचा काढा सर्वपरिचित आहे. हिरडा, बेहडा आणि आवळा ही त्रयी. (हिरड्याचे नाव हिरडीशी जुळते म्हणून तो तिच्यासाठीच जन्मास आला, असे मात्र समजू नये.) उकळलेल्या काढ्यात 'क' जीवनसत्त्व फारसे उरत नाही. त्याचा जो गुण आहे तो तुरट टॅनिनांचा. ती जंतूंची वाढ व थराची चिकटण्याची शक्ती कमी करतात. भारतात शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रिफळ्याच्या व क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांची तुलना करण्यात आली, आणि दोहोंनीही दातांवरील थर व हिरडीची सूज कमी झाल्याचे आढळले. असे बहुतेक अभ्यास लहान व अल्पकालीन आहेत, म्हणून काढा हा दात घासण्याला पूरक समजावा, पर्याय नव्हे. कीट एकदा दगडासारखा जमला की तो कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. तो दंतवैद्याकडून खरवडून काढावा लागतो.

याच ओघात दोन अपायकारक रिवाजांचा उल्लेख करावयास हवा. दात शुभ्र व्हावेत म्हणून लिंबाची फोड किंवा लिंबू-मीठ दातांवर घासण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. दाताच्या वरच्या कवचातील खनिज साडेपाचच्या खालील पीएच असलेल्या आम्लात विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. दात काही दिवस चमकतात, कारण कवच झिजत असते. तेव्हा रस प्यावा, दातांवर चोळू नये. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश लावू नये, कारण आम्लाने मऊ झालेला थर ब्रशाने निघून जातो. 'क' जीवनसत्त्वाच्या चघळण्याच्या गोळ्या गालात धरून ठेवण्याची सवयही याच कारणाने टाळावी.

दुसरा रिवाज मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया दात घासण्याच्या नावाखाली सकाळ-संध्याकाळ वापरतात. हिरडी तात्पुरती बधिर होते, आणि त्यालाच आराम मानले जाते. तंबाखू हिरडीचे मांस खाली सरकवतो, तोंडाच्या कर्करोगास आमंत्रण देतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्वाची पातळी कमी असते, असेही आढळले आहे. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. मिश्री घरातच भाजली जाते, तेथे बंदीचा हात पोहोचत नाही, अंगणवाडी सेविकेचा शब्द मात्र पोहोचू शकतो. सवय सोडणाऱ्या कित्येकांना तोंडात काहीतरी धरण्याची ओढ लागते. अशा वेळी मिठातील आवळा-सुपारी हाताशी असणे उपयोगाचे. मात्र दुकानातील पुडीत खरी सुपारी मिसळलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

आश्रमशाळांच्या दृष्टीने वर्षाचे नियोजन अवघड नाही. पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात पेरू, कार्तिक ते माघ आवळा, त्याच सुमारास बोरे, उन्हाळ्यात किनारपट्टीवर काजूची बोंडे आणि सर्वत्र लिंबू. शेवग्याचा पाला आवाराच्या कुंपणालाच मिळू शकतो. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग कार्यक्रमातून १९९० नंतर आवळ्याची लागवड राज्यात वाढली, त्यामुळे हंगामात तो तालुक्याच्या बाजारात स्वस्त मिळतो. मुलांना आवळा द्यावयाचा तो डाळीच्या वा भाजीच्या जेवणाबरोबर, म्हणजे त्या अन्नातील लोहही अधिक शोषले जाते.

पंधरा दिवस मऊ ब्रशाने अथवा ताज्या बाभळीच्या वा कडुनिंबाच्या काडीने सकाळी आणि रात्री दात स्वच्छ केल्यावर, आणि रोज एक फळ मिळू लागल्यावरही ज्या मुलाच्या हिरडीतून रक्त येणे थांबत नाही, त्याला दंतवैद्याकडे न्यावे. अंगावर कारण नसताना निळे डाग, नाकातून रक्त किंवा वारंवार ताप अशी लक्षणे बरोबर असतील तर पंधरा दिवस थांबू नये. तो रक्ताचा आजार असू शकतो, आणि त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावयास हवी.